खुर्चीवर कोण होतं

नत्थूजी रोज सकाळी साडेसातला कंपनीच्या बसमधून उतरत, डबा खणात ठेवत आणि चहाच्या आधी सर्व्हर रात्रभर काय करत होता ते वाचत. बावीस वर्षं हाच क्रम. कळमेश्वरच्या एमआयडीसीतली ही कंपनी दुसऱ्यांची औषधं थंड ठेवायची: इन्सुलिन, लसी, कसली कसली इंजेक्शनं. बारा खोल्या होत्या आणि प्रत्येक खोलीतलं तापमान दर दहा मिनिटांनी तपासणारा एक सर्व्हर होता. तापमान वाढलं की तो फाटकावरच्या पहारेकऱ्याला मोबाइलवर मेसेज टाकी. सर्व्हरला अशी पंचवीसेक कामं नेमून दिलेली. त्यांना सगळे टास्क म्हणत. प्रत्येक टास्क आपण काय केलं, किती वाजता केलं, कोणी करायला लावलं, ते ओळीओळीने लिहून ठेवी. त्या लिखाणाला लॉग म्हणतात. दिवसाला हजारो ओळी निघत आणि त्या वाचायला कंपनीत एकच माणूस होता.

वाचून झालं की नत्थूजी एका लांबट रजिस्टरात निळ्या पेनाने नोंद करत. तारीख, टास्क, काय झालं, खाली सही. सांगितलं कोणी नव्हतं. पण कॉम्प्युटरचं लिहिणं कॉम्प्युटरपाशी आणि माणसाचं माणसापाशी असावं, अशी त्यांची समजूत होती. अशी बावीस रजिस्टरं कपाटात एकावर एक रचलेली होती आणि कोणी पाहुणा आला की नत्थूजी त्याला ते कपाट उघडून दाखवत. देवकी, म्हणजे त्यांची बायको, म्हणायची की एवढं जपून तुम्ही घरची विजेची बिलं ठेवली असती तर बरं झालं असतं.

आणखी एक रीत त्यांच्या कामाच्या खोलीत होती. सर्व्हरवर काम करायला प्रत्येकाने आपलं वेगळं नाव आणि वेगळा पासवर्ड घ्यावा असा नियम होता. पण नवं नाव काढायचं तर फॉर्म भरा, तीन सह्या घ्या, आठवडाभर थांबा. एवढा कुटाणा कोण करतो? नत्थूजी सकाळी सगळ्यांत आधी येत, ‘नत्थू’ या नावाने सर्व्हर उघडत, आणि मग दिवसभर जो येईल तो त्याच खुर्चीवर बसून त्याच नावाने काम करी. मधे बंद पडलाच तर पासवर्ड सगळ्यांना पाठ होता. देवकी आणि पुढे लग्नाचं साल. खोलीतली पोरं दिवसातून चारदा तिचं नाव टाइप करत आणि त्या बिचारीला मनीषनगरात घरी बसून त्याचा पत्ताही नव्हता.

गेल्या वर्षी अश्विन साहेबांनी एआयवाला एजंट आणला. मोठे साहेब तब्येतीमुळे घरी बसले होते आणि कारभार त्यांच्या या मुलाकडे आला होता. लिहून विचारलं की लिहून उत्तर देणारा, न थकणारा, चहाला न जाणारा असा तो एजंट. अक्कल दांडगी, पण सर्व्हरच्या लॉगपर्यंत त्याचे हात पोचत नव्हते. ते हात त्याच खोलीत काम करणाऱ्या उन्नतीने लावून दिले. तिने एक टूल बनवलं. त्यातून एजंट कुठल्याही टास्कचा लॉग उघडू शके, मागची दहा वर्षं चाळू शके, कोणी काय कधी थांबवलं आणि कधी चालू केलं ते जुळवून सांगू शके. नत्थूजी त्याला जावईबापू म्हणत, कारण तो आला त्या दिवसापासून साहेब त्याला विचारल्याशिवाय पाणीही पीत नसत.

पण जावईबापूला शिकवलं नत्थूजींनीच. तीन महिने उन्नती त्यांच्या शेजारी स्टूल टाकून बसली.

“हे पाह्य वं,” ते ओळीवर बोट ठेवून सांगत. “हा टास्क दोन सेकंदांत ‘यशस्वी’ म्हणून राहिला न, तर समज त्यानं काहीच केलं नाही. इमानदारीनं काम करते तेव्हा चाळीस सेकंद लागते त्याले.”

“अन् हा लाल आहे तो, काका?”

“तो नुसता बोंबलते. रविवारी साऱ्या फाइली बंद राहते म्हणून. त्याच्याकडं पाहायचं नाही.”

उन्नती हे सगळं टूलमध्ये घालत गेली. नत्थूजींना बरं वाटत होतं. बावीस वर्षांत पहिल्यांदा कोणी त्यांना विचारत होतं की तुम्हाला हे कसं कळतं. अश्विन साहेबांनी तर सगळ्यांसमोर म्हटलं होतं की चार महिन्यांनी नत्थूजी रिटायर झाले तरी त्यांना आम्ही सोडणार नाही, एजंटचे मास्तर म्हणून दोन वर्षं ठेवू, आणि खाली रिसेप्शनला त्यांचा फोटो लावू. नत्थूजींनी घरी जाऊन फोटोसाठी कुठला सदरा घालायचा हेही ठरवून टाकलं होतं.

त्या भरातच त्यांनी एक गोष्ट केली. माझी रजिस्टरंही जावईबापूला वाचायला द्या, असा हट्ट धरला. उन्नतीने बावीसच्या बावीस रजिस्टरांची पानं फोटो काढून आत घातली. त्यातल्या एका पानावर काय आहे ते नत्थूजींना माहीत नव्हतं असं नाही. पण आठ हजार सकाळींमधली एक सकाळ कोण बघतो, असं त्यांना वाटलं. जो प्रत्येक ओळ बघतो त्यालाच आपण ती देत आहोत, हे त्यांच्या डोक्यात आलं नाही.

सोमवारी अकरा वाजता मीटिंग झाली. एका मोठ्या हॉस्पिटलची औषधं ठेवायचं काम कंपनीला मिळण्याच्या बेतात होतं. त्या लोकांनी अट घातली होती की आजवर झालेल्या प्रत्येक बिघाडाचं खरं कारण आणि जबाबदार माणसाचं नाव लिहून द्या. साहेबांनी ते काम एजंटला दिलं. एजंटने चार मिनिटांत एक्केचाळीस बिघाड काढले आणि भिंतीवरच्या पडद्यावर त्यांची यादी उमटली. सोळा बिघाड विजेचे, यंत्रांचे, कंत्राटदारांचे निघाले. सगळे मान हलवत होते. मग सतरावा आला.

‘१४ मे २०१९, खोली क्रमांक तीन. तापमान तपासण्याचा टास्क दुपारी ४ वाजून ५२ मिनिटांनी हाताने थांबवला गेला. थांबवणारे नाव: नत्थू. दुसऱ्या दिवशी सकाळी ७ वाजून ४० मिनिटांनी त्याच नावाने तो पुन्हा सुरू केला गेला. मधल्या काळात पहारेकऱ्याला एकही मेसेज पाठवला गेला नाही. त्या सकाळी रजिस्टरात ‘सर्व टास्क ठीक’ अशी नोंद आहे. ही नोंद लॉगशी जुळत नाही.’

खाली नत्थूजींच्या निळ्या अक्षरातल्या ओळीचा फोटो होता, सहीसकट.

“नत्थूजी,” अश्विन साहेब म्हणाले, “हे काय आहे?”

नत्थूजी पडद्यावरच्या आपल्या सहीकडे बघत म्हणाले, “जी, नाव माझं दिसते, पण त्या नावानं बसत तं सारेच होते. सवयच होती तशी.”

“म्हणजे पासवर्ड सगळ्यांना वाटला होता? ये तो और खराब है.” साहेबांनी कपाळाला हात लावला. “बरं, तुम्ही नाही, तर कोणी थांबवला?”

खोलीत आठ माणसं होती. त्यातल्या सहांनी त्या नावाने वर्षानुवर्षं काम केलं होतं आणि आता त्यातले पाच जण टेबलाच्या लाकडाकडे बघत होते. सहावी, उन्नती, लॅपटॉपवर काहीतरी टाइप करत होती. नत्थूजींनी तिच्याकडे पाहिलं. तिने वर पाहिलं नाही.

“मले नाही सांगता येत जी,” ते म्हणाले.

“मग ‘सर्व ठीक’ का लिहिलं?”

साहेबांनी एक कागद पुढे सरकवला. त्यावर सतराव्या बिघाडाचा मजकूर होता आणि खाली ‘जबाबदार व्यक्ती’ म्हणून त्यांचं पूर्ण नाव, वडिलांच्या नावासकट. शुक्रवारपर्यंत सही करा, आणि सोमवारपासून यायची गरज नाही, असं साहेबांनी सांगितलं. आवाज चढवला नाही. चढवला असता तर नत्थूजींना भांडता तरी आलं असतं.

तो दिवस त्यांना स्वच्छ आठवत होता. मे महिना, अंगाची काहिली. देवकीच्या भाचीचं लग्न होतं आणि साड्या घ्यायला गांधीबागेत जायचं होतं. नत्थूजी चार पंचविसाला निघाले. फाटकावर कवडू नावाचा पहारेकरी होता. त्याच्या वहीत त्यांनी बाहेर जाण्याची वेळ लिहिली आणि सही केली. कवडूची ड्युटी कागदावर आठ तासांची, पण बदलीचा माणूस कधी येतच नसे. म्हणून दुपारी चारला चढलेला तो सकाळी आठला उतरे. मागे खोलीत खुर्ची मोकळी होती आणि सर्व्हर ‘नत्थू’ या नावाने उघडा होता.

त्या खुर्चीवर उन्नती बसली. तिला नोकरी लागून एकोणीस दिवस झाले होते. सरावाच्या मशीनवर आहोत असं समजून तिने खऱ्या सर्व्हरचा टास्क थांबवला, काही करून पाहिलं, आणि पाचची बस सुटत होती म्हणून पळाली. टास्क चालू करायचा राहून गेला. रात्री तीन नंबरच्या खोलीचं कूलिंग बंद पडलं. बघणारा टास्कच झोपलेला, मग मेसेज कोण टाकणार? सकाळी नत्थूजींनी टास्क चालू केला तेव्हा खोलीत सव्वीस अंश होते. आतलं सगळं इन्सुलिन फेकावं लागलं.

नऊ वाजता उन्नती आली, तिने ऐकलं आणि पाण्याच्या मशीनपाशी उकिडवी बसून रडली. “काका, माह्यानं झालं,” एवढंच म्हणत होती. ती नत्थूजींच्या शेजारच्या महादेवरावांची भाची. काटोलची हुशार पोरगी. नत्थूजींनीच मोठ्या साहेबांपाशी शब्द टाकून तिला लावलं होतं. ‘जिम्मेदारी माझी’ असं म्हटलं होतं. आता तिचं नाव सांगायचं तर आपलंही नाक कापलं जाणार होतं. पोरीची दया आली हे खरं, पण दयेच्या खाली हेही होतं. नत्थूजींनी रजिस्टर उघडलं आणि लिहिलं, सर्व टास्क ठीक.

लॉग वाचता येणारा माणूस एकच. तो म्हणाला ठीक, म्हणजे ठीक. मोठ्या साहेबांनी विचारलं, “चौकीदाराले मेसेज गेला होता न?”

“गेला असन जी,” नत्थूजी म्हणाले.

संध्याकाळी कवडूला काढलं. ड्युटीवर झोपला, मेसेज पाहिला नाही, लाखोंचं औषध वाया घालवलं. पहारेकरी पुरवणाऱ्या एजन्सीने त्याच्या कागदावर तसा शेरा मारला, म्हणून पुढे कोणी त्याला फाटकावर उभं केलं नाही. चार दिवसांनी तो सायकल मारत मनीषनगरात आला. काखेत फाटकाची वही होती, तो ती देऊन यायचीच विसरला होता, किंवा विसरला नव्हता. देवकीने त्याला पाणी दिलं. त्याने वहीत रात्रीच्या फेऱ्या दाखवल्या. अकराची, एकची, तीनची. खोल्यांचं दार उघडायचा हुकूम नव्हता, मेसेज आल्याशिवाय दार उघडायचं नाही असं सांगितलेलं. “मी जागाच होतो जी. मेसेज आलाच नाही. तुमी फक्त एवढंच सांगा साहेबाले, तुमचं ऐकतील थे.”

“पाहतो,” नत्थूजी म्हणाले होते.

कवडू आणखी दोनदा आला. दोन्ही वेळा त्यांनी पाहतो म्हटलं. मग तो यायचा थांबला आणि नत्थूजींना झोप नीट लागू लागली.

मंगळवारी दुपारी खोलीत कोणी नसताना नत्थूजी त्या खुर्चीवर बसले आणि दोन बोटांनी जावईबापूला विचारलं. ‘१४ मे २०१९ ला टास्क कोणी थांबवला?’

‘नत्थू या नावाने थांबवला गेला.’

‘खुर्चीवर कोण होतं?’

‘खुर्चीवर कोण होते याची नोंद लॉगमध्ये नसते. लॉगमध्ये फक्त नाव असते. त्या वेळी तुम्ही दुसरीकडे होता असे दाखवणारी एखादी वेगळी नोंद असेल तर द्या. मी निष्कर्ष तपासून पाहीन.’

नत्थूजींनी ती ओळ दोनदा वाचली. बावीस वर्षांत कोणी त्यांच्याशी इतकं सरळ बोललं नव्हतं, आणि ते नेमकं यानेच बोलावं याचा त्यांना संताप आला. त्याच्यात खोट काढायला जागा नव्हती. त्याने लिहिलेलं वाचलं होतं. खोटं लिहिलं होतं ते माणसाने.

फाटकाच्या जुन्या वह्या कंपनी तीन वर्षांनी रद्दीत घालायची. पण त्या तारखेची वही कंपनीत नव्हतीच. ती कवडूकडे होती.

तरी त्यांनी बुधवारपर्यंत वाट पाहिली. उन्नती आपण होऊन साहेबांकडे जाईल असं त्यांना मनापासून वाटत होतं. सहा वर्षांत ती मोठी झाली होती. टूलवर तिचं नाव होतं, दोन बाहेरच्या कंपन्या ते मागायला आल्या होत्या. दिवाळीला न चुकता पाया पडायला यायची. बुधवारी डब्याच्या वेळी ती त्यांच्यासमोर येऊन बसली आणि पोळीचा तुकडा मोडत राहिली.

“काका, मी सांगणार आहो साहेबाले.”

“कधी वं?”

“हे हॉस्पिटलचं एकदा होऊन जाऊ द्या. आता सांगितलं तर ते म्हणतील, टूल बनवणारीनंच टास्क बंद केला होता. मंग त्या टूलवर भरोसा कोण ठेवीन? साऱ्यांचंच नुकसान होईन.” ती थांबली. मग हळू आवाजात म्हणाली, “अन् तुमचे तसेही चारच महिने राहिले होते न काका.”

नत्थूजींनी हातातला घास परत डब्यात ठेवला. ती वाईट मुलगी नव्हती. वाईट असती तर बोलून मोकळं होता आलं असतं. तिने हिशेब केला होता आणि तो तिच्या बाजूने बरोबर होता. असाच एक हिशेब सहा वर्षांपूर्वी याच खोलीत त्यांनी केला होता, तेव्हा एजन्सीचा चौकीदार त्यांना स्वस्त वाटला होता.

“जेव तू,” ते म्हणाले, आणि आपला डबा अर्धवट मिटून उठले.

गुरुवारी दुपारी त्यांनी सतराव्या बिघाडाचा कागद घडी करून खिशात घातला आणि ऑटो केला. कवडूने कळमेश्वरच्या रस्त्यावर पंक्चरचं दुकान टाकलं आहे हे त्यांना ठाऊक होतं. कंपनीची बस रोज त्यावरून जायची आणि नत्थूजी रोज त्या वळणाला दुसऱ्या बाजूच्या खिडकीतून बाहेर बघायचे. वाटेत त्यांनी बोलायचं ठरवून ठेवलं. आधी कागद दाखवायचा. त्यात स्पष्ट लिहिलं होतं की पहारेकऱ्याला एकही मेसेज गेला नाही. माणसाला आनंद होईल. मग वही मागायची. वहीत चार पंचवीसची त्यांची सही निघाली की साहेबांपुढे ठेवायची, उन्नतीचं नाव घ्यायची गरजच नाही. सगळ्यांचंच निभावून जाईल.

दुकान म्हणजे चार बांबू, वर पत्रा, एक हवेची टाकी आणि एक बाक. कवडू टायरची ट्यूब पाण्याच्या घमेल्यात दाबून बुडबुडे बघत होता. केस पांढरे झाले होते. त्याने वर पाहिलं आणि लगेच ओळखलं.

“या जी नत्थूजी. बसा.”

नत्थूजी बसले. त्यांनी कागद काढला. “हे वाच कवडू. तुह्या बाजूचं आहे.”

कवडूने हात फडक्याला पुसले आणि कागद लांब धरून वाचला. ओठ हलवत, एकेक शब्द. खालपर्यंत गेला, परत वर आला, मधल्या एका ओळीवर बोट ठेवून थांबला. त्याच्या बोटाचा काळा डाग कागदावर उमटला. नत्थूजी त्याच्या तोंडाकडे बघत होते. आनंद कुठे दिसेना.

“हे कोणं शोधलं?” त्याने विचारलं.

“मशीननं. नवी आली कंपनीत. जुने सारे लॉग वाचून काढले तिनं.”

“किती दिवस लागले तिले?”

“चार मिनिटं.”

“चार मिनिटं,” कवडू म्हणाला. त्याने कागद नीट घडी करून परत दिला. “अन् तुमाले?”

रस्त्यावरून ट्रक गेला आणि पत्रा थरथरला.

“तुमाले तं त्याच सकाळी समजलं होतं न जी,” कवडू म्हणाला. आवाजात राग नव्हता, एखाद्या गिऱ्हाइकाला टायर कुठे फाटलं ते दाखवावं तसा तो बोलत होता. “मी तुमच्या घरी आलो तवा बी समजलेलं होतं. काकूनं पाणी देल्लं मले, ठंडं. मी रस्त्यानं घरी जाता जाता म्हणलो, चला, नत्थूजी भला माणूस आहे, पाहीन म्हणते. बायकोले बी तसंच सांगतलं. दोन वर्सं सांगत होतो.”

“कवडू, माह्यी चुकी झाली गा,” नत्थूजी म्हणाले. सहा वर्षांत हे वाक्य त्यांनी पहिल्यांदाच मोठ्याने म्हटलं आणि म्हणतानाच त्यांना कळलं की आपण ते वही मिळावी म्हणून म्हणत आहोत. लाज वाटली. तरी ते पुढे बोलले, कारण शुक्रवार उद्यावर आला होता. “मी त्या दिवशी चार पंचविसालेच निंघालो होतो. तुह्या वहीत लिहिलं आहे. थे वही आहे का तुह्यापाशी?”

कवडू उठला. बाकाखालून एक पत्र्याची पेटी ओढून काढली. आत सोल्यूशनच्या ट्यूबा, वॉल्व्ह, जुनी बिलं, आणि सगळ्यांत खाली खताच्या पोत्याच्या प्लास्टिकमध्ये गुंडाळलेली वही. त्याने ती मांडीवर उघडली. पानं शोधावी लागली नाहीत. खुणेला मोरपीस ठेवलेलं होतं. १४ मे. आणि तिथेच, कवडूच्या मोठ्या मोठ्या अक्षरात: नत्थूजी, बाहेर, ४.२५, गांधीबाग. शेजारी नत्थूजींची निळी सही, रजिस्टरातल्यासारखीच. खाली रात्रीच्या फेऱ्या. अकरा. एक. तीन.

नत्थूजींनी हात पुढे केला. डोळ्यांसमोर ती ओळ होती, आणि त्या ओळीत त्यांचं नाव, त्यांची बावीस वर्षं, रिसेप्शनवरचा फोटो, देवकीपुढे घरी जाताना वर ठेवायची मान, सगळं होतं.

“एकच दिवस दे. उद्या साहेबाले दाखवतो अन् परत आणून देतो. तुह्यं बी नाव सांगतो मी. कवडूनं वही सांभाळून ठेवली म्हणून सांगतो.”

कवडूने थोडा वेळ त्या हाताकडे पाहिलं. बोटांना निळी शाई लागलेली होती. मग त्याने मोरपीस जागेवर ठेवलं, वही मिटली, प्लास्टिकमध्ये गुंडाळली आणि पेटीत तळाशी ठेवून वर ट्यूबा रचल्या.

“पाहतो,” तो म्हणाला.

एक मोटरसायकलवाला मागचं चाक खाली बसलं म्हणून गाडी ढकलत आला. कवडूने पेटी बाकाखाली सरकवली आणि त्याचं चाक खोलायला बसला. नत्थूजी तिथेच बाकावर बसून राहिले.